मावशीकडून पोच कोण मागतं

७ सप्टेंबर

ताई,

“तू सही कर, वाचायचं काम माझं.”

हे तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तू सव्वीसची. बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर घरच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. हॉस्पिटलच्या बोळात मी कागद धरून उभी होते आणि पहिल्याच ओळीत ‘मृत्यू’ असा शब्द होता. पुढचं मला दिसेचना. तू कागद काढून घेतलास, खिडकीशी जाऊन अथपासून इतिपर्यंत वाचलास, परत येऊन बोटाने जागा दाखवलीस. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मी मात्र त्या दिवसापासून कागद वाचणंच सोडलं. लग्नाची नोंदणी असो, घराचा करार असो, आधी तुझं बोट आणि मग माझी सही.

चोवीस ऑगस्टच्या रविवारीही बोट तुझंच होतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण माझ्याच डोक्यात त्याचा गुंता झालाय. तू पाच वाजता आलीस. मी वाटाणे सोलत होते. ते भांडं तू बाजूला सारलंस, टेबल पदराने पुसलंस आणि माझ्या लेकीला शाळेतून काढून घ्यायचा अर्ज पसरलास. सहीच्या जागी पेन्सिलची फुली होती.

“मुख्याध्यापक बाईंनी ठरवलंय तिला काढायचं,” तू म्हणालीस. “काढलं तर दाखल्यावर तसा शेरा येतो, तो जन्मभर पुसला जात नाही. तूच अर्ज दिलास तर शेरा नाही की काही नाही. दुसऱ्या शाळेचं मी बघते.”

“वाचू का?” मी विचारलं.

“वाच की. नेहमीचंच आहे.”

मी सही केली. तू पर्समधून खोडरबर काढलंस, फुली पुसलीस, चुरा फुंकलास आणि म्हणालीस, “चहा टाक आता.”

त्यानंतर मी तीन शाळा फिरले. पहिलीत म्हणाले, वर्षाच्या मधेच स्वतःहून काढलंत, म्हणजे काहीतरी असणारच. दुसरीत जागा नव्हती. तिसऱ्या शाळेतल्या म्हाताऱ्या लेखनिकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद माझ्याकडे फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, यात लिहिलंय की सुनावणी नको, आणि अपिलाचा हक्क मी राजीखुशीने सोडते. हे वाचलं होतंत ना?”

मी म्हटलं, वाचलं होतं. ताई, मला लाज वाटली गं.

दहावीच्या परीक्षेचे फॉर्म एकतीस ऑक्टोबरपर्यंतच भरतात आणि ते शाळेतूनच भरावे लागतात. कुठल्याच शाळेत नाव नसेल तर तिचं वर्ष गेलं. तुझी ‘वकीलसाहेब’ भाची सध्या दिवसभर खिडकीशी बसून जुनी गणितं सोडवते. उत्तरं बरोबर आली तरी पान फाडून टाकते.

चूक आमचीही आहे, नाही म्हणत नाही. चौदा जुलैला तिने शाळेच्या कार्यालयात तक्रार तुझ्या हातात दिली आणि पोच घेतली नाही. एवढी शहाणी मुलगी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचं सुचू नये? मी तिला चांगलीच बोलले त्यावरून.

मला एवढंच सांग. त्या अर्जात काय लिहिलंय, हे रविवारी तुला माहीत होतं का?

तुझी,
धाकटी


१३ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. गुरुवारी मात्र तू भेटलीस, शाळेच्या कार्यालयात, खिडकी क्रमांक दोनमध्ये.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. पालकाला आपल्या मुलाची फाइल बघता येते, हे मला लेकीने सांगितलं. शाळेच्या पुस्तिकेतला नववा नियम. ती पुस्तिका तू आमच्याच घरी बसून टाइप केली होतीस, आठवतं? शाळेतलं मशीन बिघडलं होतं. ही सहा वर्षांची होती. टेबलाखाली बसून तुझ्या हातातून सुटलेली पानं मोठ्याने वाचत होती.

“मावशी, नियम अकरा कशासाठी?”

“तुझ्यासारख्या भांडखोरांची सोय व्हावी म्हणून!”

आपण किती हसलो होतो. ‘वकीलसाहेब’ हे नाव तेव्हाच पडलं. अकरावा नियम आता मलाही पाठ झालाय. तक्रार आधी शाळेकडे लेखी द्यावी, पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास वरच्या कार्यालयाकडे पाठवावी. तिने तेच तर केलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला तासांच्या वेळी कुलूप असायचं. मुलींनी पाणी पिणं सोडलं होतं. हिला ताप आला तेव्हा आमच्या लॅबमध्ये तिची लघवी मीच तपासली, रिपोर्टही मीच टाइप केला. मग तिने तक्रार लिहिली, वर्गातल्या एकोणतीस मुलींच्या सह्या घेतल्या आणि तुझ्याकडे दिली. पंधराच्या जागी अठरा दिवस थांबली आणि मग वर पाठवली.

खिडकीसमोर माझ्या पुढे दोन माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा तू वर बघितलंस आणि म्हणालीस, “बोला, आपलं काय काम आहे?”

ताई, आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. माझ्या डोक्यातल्या उवासुद्धा तू काढल्या आहेस. आणि तू मला ‘आपलं’ म्हणालीस. मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, त्यांच्यामुळे असेल असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

मी अर्ज दिला आणि म्हटलं, “पोच द्या.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तू शिक्का मारलास. कोपऱ्यात, सरळ, तारीख स्वच्छ दिसेल असा. कामात तू चुकत नाहीस, कधीच नाही. म्हणून चौदा जुलैची तक्रार आवक वहीत चढवायची राहून गेली, हे माझ्या गळी उतरत नाही.

तू फाइल पुढे सरकवलीस आणि पेन्सिलीला टोक करत बसलीस. मी या वेळी प्रत्येक पान वाचलं. तक्रार फाइलमध्ये नव्हती. बाईंनी वर पाठवलेलं उत्तर होतं: ‘विद्यार्थिनीने शाळेस कोणतीही कल्पना न देता परस्पर तक्रार करून शाळेची बदनामी केली.’ त्याखाली माझा अर्ज होता आणि अर्जाखाली तुझ्या अक्षरात टीप. ‘सोमवार, दि. २५ ऑगस्ट, सकाळी ११. पालक कार्यालयात स्वतः उपस्थित. अर्ज वाचून व समजून माझ्यासमोर सही केली.’

तुझं अक्षर अजून तसंच आहे. माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घालायचीस तसं, प्रत्येक अक्षर सुटं आणि टपोरं.

सोमवार कुठला, ताई? कार्यालय कुठलं? माझ्या टेबलावर वाटाणे होते गं.

धाकटी


२० सप्टेंबर

ताई,

ही बातमी तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते. काल मी वरच्या कार्यालयाकडे दाद मागितली. अर्ज दिशाभूल करून घेतला, तो रद्द धरावा आणि मुलीला तिच्या वर्गात परत घ्यावं, असं लिहून दिलंय. सुनावणी चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी साडेदहाला आहे.

मोफत कायदा सल्ला मिळतो तिथे गेले होते. जिन्याखालची खोली आहे, दोन खुर्च्या आणि एक गळकी पाण्याची टाकी. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. सर्दीने बेजार होत्या, बोलता बोलता नाक पुसत होत्या. त्यांनी आधी लेकीला विचारलं, मला नाही.

“तक्रार दिल्याची पोच?”

“नाही.”

“का नाही?”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, “तिथे तिची मावशी बसते.”

“मग? मावशीच्या शिक्क्याला शाई नसते का?”

हसू येण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. शाळेला मुलाला असं उचलून काढता येत नाही. लेखी नोटीस द्यावी लागते, मुलाचं आणि पालकांचं म्हणणं ऐकावं लागतं, निर्णय लिहून द्यावा लागतो आणि त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. एवढी सगळी दारं होती. “आणि तुम्ही एका सहीने ती सगळी आतून लावून घेतलीत,” त्या म्हणाल्या. “शाळेला तिला काढताच आलं नसतं, बाई. निदान इतक्या सहज तरी नाही. म्हणूनच त्यांना तुमचा अर्ज हवा होता.”

म्हणजे तू मला ज्या शेऱ्याची भीती घातलीस, तो शेरा मारणंच त्यांना अवघड होतं. तू बावीस वर्षं त्या खिडकीत आहेस. किती मुलांचे दाखले तुझ्या हाताखालून गेले. तुला हे माहीत नव्हतं असं तू म्हणालीस तर मी विश्वास ठेवायला बघेन. पण तू काही म्हणतच नाहीस.

निघताना त्यांनी विचारलं, “पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता तुम्ही नक्की कुठे होता?”

मी म्हटलं, कामावर.

त्यांनी नाकावरचा रुमाल काढला. “ते दाखवता येईल?”

मी म्हटलं, बघते. खरं तर त्याच क्षणी मला कळलं होतं की दाखवता येईल. पण मी ‘बघते’ म्हटलं. ते का, हे तुला सांगायची गरज नाही.

हे बोटीवरून फोन करतात तेव्हा विचारतात, ताई काय म्हणते? मी सांगते, कामात आहे.

धाकटी


४ ऑक्टोबर

ताई,

भाऊजी येऊन गेले. आपला चार महिन्यांपूर्वीचा डबा परत करायचं निमित्त होतं. अर्धा तास रेडिओच्या सुट्या भागांबद्दल बोलले, पंख्याकडे बघून “आवाज करतोय हा” म्हणाले, खुर्चीवर चढून त्याचा स्क्रू आवळला. खुर्चीवरूनच म्हणाले, “ती म्हणते, ताणू नका. तिला दोनच वर्षं राहिलीत.”

“कशाला?”

“निवृत्तीला. आणि बाईंचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही.”

“भाऊजी, तो कागद कुठे आहे? एकोणतीस सह्यांचा?”

“कुठला कागद?” असं म्हणाले आणि खाली उतरले. त्यांना खोटं बोलता येत नाही, तूच नेहमी हसतेस त्यावरून. दारात चपला घालताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “कागद ती टाकत नाही, ते काय तुम्हाला सांगायला हवं? पोरीसाठीच बाजूला ठेवला म्हणते. बाईंच्या हातात पडला असता तर त्याच दिवशी तिचं काही खरं नव्हतं.”

मी रात्रंदिवस त्यावर विचार केला. चौदा जुलैचं मी मानते, ताई. तू ड्रॉवर उघडलास आणि कागद आत सरकवलास, थोडे दिवस गेले की पोरगी विसरेल, असं तुला वाटलं. तेव्हा तू मावशी होतीस. पण पुढे बाई ‘कोणतीही कल्पना न देता’ असं लिहीत होत्या, तेव्हा तो कागद तुझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होता. आणि चोवीस तारखेला तू माझ्या दारात आलीस तेव्हा कोण म्हणून आलीस?

आता माझं सांगते. पहिल्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं.

तक्रार द्यायच्या आदल्या संध्याकाळी तिने दोन प्रती केल्या होत्या. एक द्यायला आणि एक शिक्का मारून घ्यायला. मी तिचं दप्तर भरत होते. दुसरी प्रत मीच बाहेर काढली.

“मावशीकडून पोच कोण मागतं?” मी म्हटलं. “तिला काय वाटेल?”

“आई, नियम आहे.”

“नियम परक्यांसाठी असतात.”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दप्तराची चेन लावली. त्या दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर मी दुसऱ्या दिवशी यादी लिहिली: साबण, बटाटे, दिवा. सप्टेंबरमध्ये मी तिला ‘एवढं सुचू नये?’ म्हणून झापलं, तेव्हा ‘प्रत तू काढलीस’ असं ती म्हणू शकली असती. नाही म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, विचारलेल्याचं उत्तर देते, आणि कुठलाही कागद माझ्या हातात देण्याआधी स्वतः दोनदा वाचते. मी तुझ्याकडे ज्या नजरेने बघते आहे ना, तीच नजर मला घरात रोज भेटते.

गेल्या वर्षी तू रक्त द्यायला आमच्या लॅबमध्ये आली होतीस. मी सुई हातात घेऊन विचारलं, “पूर्ण नाव?”

“अगं ए, मला नाव विचारतेस?”

“नियम आहे. सांग. आणि जन्मतारीख.”

“ती नाही सांगणार. मागे लोक बसलेत!”

सगळी खोली हसली. तरी तू सांगेपर्यंत मी थांबले आणि नळीवरची चिठ्ठी तुझ्या डोळ्यांसमोर लिहिली. आमच्याकडे तसंच करतात, सख्खी आई असली तरी. तुझ्या चमचाभर रक्तासाठी मी तुझ्या ओळखीवर विसंबले नाही. आणि लेकीच्या अख्ख्या वर्षासाठी विसंबले.

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

हे शेवटचं पत्र, आणि हे मी माझ्या मनाने लिहीत नाहीये.

आमच्या साहेबांनी लॅबच्या वहीतल्या त्या पानाची प्रत सही-शिक्क्यानिशी दिली. पंचवीस ऑगस्ट, सोमवार. सकाळी सात ते दुपारी तीन, अडतीस नमुने. दहा पन्नासला एक, अकराला एक, अकरा दहाला एक, प्रत्येकापुढे माझी आद्याक्षरं. अकरा वाजता मी एका आजोबांच्या हातात शीर शोधत होते. तुझ्या कार्यालयात नव्हते.

हे पान पुढे ठेवलं की तुझी टीप खोटी ठरते. त्याचा अर्थ तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पान ठेवलं नाही तर माझ्या तोंडी शब्दाला विचारणारं कोण आहे? तिचा फॉर्म राहतो. आठ दिवस ते पान माझ्या पर्समध्ये होतं. सल्ल्याच्या बाई दोनदा विचारून गेल्या, मी दोनदा विसरले म्हटलं. काल लेकीला चष्म्याची डबी हवी होती, तिने पर्स उघडली.

तिने पान वाचलं. मला वाटलं, आता म्हणेल की हे इतके दिवस लपवलंस? तिने घडी होती तशी घातली आणि विचारलं, “हे मावशीला दाखवलंस?”

“तिला कशाला?”

“तिच्याविरुद्ध वापरणार ना? मग आधी कळवायला नको? नोटीस द्यावी लागते, आई. तिचं म्हणणं सांगायची संधी द्यावी लागते.”

मी म्हटलं, “तिने तुला दिली होती?”

“म्हणून तर म्हणतेय,” ती म्हणाली.

तेव्हा ही नोटीस समज. मंगळवारी मी ते पान अधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे, हे लपवत नाही. अडवायला कुठलाही हात माझ्यापुढे आला तरी ठेवणार आहे, तुझा आला तरी. त्याआधी तू येऊन स्वतः सांगितलंस, की तक्रार चौदा जुलैला मिळाली होती आणि सही रविवारी घरी झाली होती, तर मला पर्स उघडायची वेळ येणार नाही. आपली चूक आपणहून दुरुस्त करणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, असं सल्ल्याच्या बाई म्हणाल्या. खात्री देत नाही, असंही म्हणाल्या. मीही देत नाही.

कुलूप निघालं, हे तुला ठाऊकच असेल. वरून माणसं येऊन गेली त्याच आठवड्यात. तिची मैत्रीण फाटकापाशी भेटली आणि म्हणाली, आता आम्ही बाटली दोनदा भरतो. लेक हसली. खूप दिवसांनी हसली. आणि मग त्या फाटकाच्या बाहेरून माझ्याबरोबर घरी आली.

पत्र घेऊन तीच येतेय तुझ्याकडे. मी पाठवत नव्हते, ती ऐकली नाही. तिला आत घे किंवा नको घेऊस, ते तुझ्यावर. ती चहा घेणार नाही, आग्रह करू नकोस. तिच्याकडे या पत्राच्या दोन प्रती आहेत. एक तुझी. दुसरीवर ‘मिळाले’ लिहून तारीख घालून सही हवी. ती हात पुढे करून उभी राहील तेव्हा हसू नकोस, तिला तो कागद जुलैतच तुझ्यापुढे धरायचा होता.

मंगळवारी साडेदहाला तो एकोणतीस सह्यांचा कागद घेऊन ये. तू येणार नाहीस, मला माहीत आहे. तुझी दोन वर्षं आहेत, बाई आहेत, आणि मी तर आता ‘आपण’ झाले. तू दुसऱ्या प्रतीवरही सही करणार नाहीस, पोर ती प्रत सहीविना तशीच परत आणेल, हेही मला जवळजवळ दिसतंय. तरी मागते.

सहीच्या जागी, खाली उजवीकडे, मी पेन्सिलने फुली मारून ठेवली आहे. आधी वाच, ताई. मग कर.

धाकटी